काकांच्या होडीवर कॅमेरा बसवू द्यावा का?

खाडीपलीकडचा · ४ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवा आहे. विषय एआयचा आहे, पण प्रश्न घरचा आहे.

माझे काका मालवणजवळच्या एका गावात मासेमारी करतात. फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, दोन खलाशी. मी पुण्यात नोकरीला, सणासुदीला जाणारा. गेल्या महिन्यात मच्छीमार सोसायटीत एका कंपनीची माणसं येऊन गेली. त्यांचं म्हणणं असं: प्रत्येक होडीवर एक ट्रॅकर आणि जाळं ओढतात तिथे एक कॅमेरा बसवायचा, सगळं फुकट. कॅमेरा मासे ओळखणार, मोजणार, त्यांची लांबी काढणार. ट्रॅकर होडी कुठे कुठे फिरली ते नोंदवणार. मग एआय हे सगळं उपग्रहाच्या माहितीशी जोडून सांगणार, की उद्या अमुक दिशेला इतक्या वावात (वाव म्हणजे खोलीचं माप, साधारण सहा फूट) जा, बांगडा मिळेल. वर 'शाश्वत', 'निळी अर्थव्यवस्था' वगैरे शब्दांची पेरणी होतीच.

करार चौदा पानी, इंग्रजीत. मी वाचला. पान अकरावर लिहिलंय की जमा होणारी सगळी माहिती कंपनीची, कायमची, आणि ती 'भागीदारांना' देता येईल. भागीदार कोण ते कुठेच नाही.

ॲप मी वापरून बघितलं. पहाटे काका आले तेव्हा बॅटरीच्या उजेडात फळीवरच्या माशांचे फोटो काढले. मोजून चौदा बांगडे होते, ॲपने नऊ सांगितले. ओल्या खवल्यांवर उजेड चमकला की त्याला दोन मासे एकच दिसतात. फळीला चिकटून पडलेली चपटी लेप तर त्याला मासा वाटलीच नाही. उलट काकांच्या अंगठ्याला त्याने 'तारली, ११ सेमी' म्हटलं.

काकांना विचारलं, काय करूया? ते जाळं झटकत म्हणाले, "मासो खंय आसा ता माका ठावक आसा रे. दर खंय आसा ता तुझो कॅमेरो सांगतलो काय?"

हो म्हणावं की नाही? सोसायटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

सुकट · ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

फुकट मिळतंय तिथे माल आपणच असतो. धागा बंद करा, झोपा.

पाणकोंबडी · ४ ऑक्टोबर, रात्री ११:२५

इतक्यात बंद नको. मी मत्स्यविज्ञानाची, शिरगावच्या महाविद्यालयातून शिकलेली, म्हणून थोडं लांबण लावते.

'मासे कुठे मिळतील' ही सूचना आपल्याकडे नवी नाही आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीची गरज नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था कित्येक वर्षं ती फुकट देते. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो आणि पाण्याचा रंग बघतो. रंगावरून हरितद्रव्य कळतं, म्हणजे वनस्पतीप्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) कुठे आहे ते कळतं. गार आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे खाद्य गोळा होतं, खाद्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. मग अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतके किलोमीटर, इतकी खोली, असा संदेश येतो. ओशनसॅट मालिकेतला नवा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये वर गेला, तो याच कामाचा.

अडचण अशी की ढग असले की हे उपग्रह आंधळे. शिवाय ही सूचना थव्याने फिरणाऱ्या, वरच्या पाण्यातल्या माशांना लागू पडते. तळाशी राहणारी लेप, खडकातला तांबोशी, खाडीतली सुंगटं (कोळंबी) यांना तिचा उपयोग फारसा नाही. काकांची होडी किनाऱ्यापासून पाच-सात वावात फिरत असेल, तर वीस वाव पाण्यातला बांगडा त्यांना सांगून काय फायदा? तिथे जायला डिझेल आणि मोठं इंजिन कोणाकडे असतं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे मासा शोधून देणारं यंत्र सगळ्यांना सारखंच सांगतं. पोचतो तो, ज्याच्याकडे मोठी बोट आहे.

पर्वरीकर · ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

पाणकोंबडी, शेवटच्या वाक्याला दाद. आमच्या गोव्यात हे एकदा होऊन गेलंय. ट्रॉलर आले तेव्हा तेही 'प्रगती' म्हणूनच आले, सरकारी कर्ज-अनुदानासकट. किनाऱ्यावर उभं राहून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणारे बघत राहिले. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणांच्या पुढाकाराने रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे किनाऱ्यालगतचा पट्टा राखीव ठेवणारा कायदा १९८० मध्ये झाला. महाराष्ट्राचा लगेच १९८१ मध्ये. कायदा आहे, पाळतो कोण हा वेगळा धागा.

अवांतर: अंगठ्याला तारली म्हणणारं ॲप मला पण पाहिजे. आमच्या बाजारात त्याची गरज आहे, तिथे अंगठ्याएवढ्या तारलीला बांगडा म्हणून विकतात.

अ_निल · ५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

मी डेटाच्या धंद्यातला. मासे फक्त ताटात ओळखतो. पण काकांचं वाक्य वाचून उडालोच, कारण त्यावर अर्थशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अभ्यासकाने २००७ मध्ये छापला. उत्तर केरळात १९९७ पासून टप्प्याटप्प्याने मोबाइल आला, तेव्हा त्याने किनाऱ्यावरच्या बाजारांतले तारलीचे दर आठवड्यामागून आठवडे नोंदवले होते. मोबाइल यायच्या आधी एका गावात गिऱ्हाईक नाही म्हणून मच्छीमार ताजी तारली समुद्रात फेकायचे, आणि त्याच सकाळी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परत जायची. मोबाइल आल्यावर होडीतूनच फोन करून, दर विचारून, बंदर ठरवू लागले. माल फेकणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला मासा ४ टक्के स्वस्त पडला.

समुद्रातून एक मासा जास्त काढला नाही, फक्त कुठे विकायचा ते कळलं. तेही साध्या फोनवर, एआय वगैरे काही नाही.

त्यामुळे कंपनीला उलटा प्रश्न विचारा. मालवण, देवगड, वेंगुर्ला, गोवा इथले आजचे लिलावाचे दर आणि उद्याचा अंदाज होडीवर द्याल का? बर्फ कुठे शिल्लक आहे ते सांगाल का? अंदाज बांधायचा तर तो दराचा बांधा. ते काम यंत्राला जमण्यासारखं आहे.

आजीचं_पातेलं · ५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

अ_निल, कागदावर झकास. पण हर्णैचा लिलाव कधी बघितलाय का? संध्याकाळी पुळणीवर, बैलगाडीतून होडीचा माल येतो, आणि बोली इतकी भराभर होते की बाहेरच्याला कळतच नाही कोणी घेतलं. माझी आई तीस वर्षं टोपली घेऊन बसली. तिने कधी सगळ्यात जास्त दर देणाऱ्याला सगळा माल दिला नाही. ज्या व्यापाऱ्याने पावसाळ्यात उचल दिलेली असते त्याला माल द्यावाच लागतो. जून-जुलै बंदी, घरात चूल पेटली पाहिजे, जाळं विणायला पैसे पाहिजेत. ते पैसे बँक देत नाही, व्यापारी देतो. मग दर दुसरीकडे जास्त असला तरी काय करणार?

आणि एक. तुम्ही सगळे होडीवर बोलताय. मासा किनाऱ्याला लागल्यावर निवडणं, सुकवणं, विकणं बायका करतात. कंपनीच्या चौदा पानांत बायका आहेत का?

खाडीपलीकडचा · ५ ऑक्टोबर, दुपारी २:०२

आताच परत उघडून बघितलं. नाहीत. 'लाभार्थी' आहेत, ते सगळे 'बोटमालक'. काकू उद्या वाचतील हा धागा, मी सांगितलंय त्यांना.

बर्गनवासी · ५ ऑक्टोबर, रात्री ११:५०

नॉर्वेतून. इथे सामन (सॅल्मन) माशांच्या पिंजऱ्यांत पाण्याखाली कॅमेरे असतात. यंत्र प्रत्येक माशाच्या अंगावरच्या उवा शोधतं, आणि एका कंपनीचं यंत्र तर उवेवर लेझर मारतं. सामनच्या चमकत्या अंगावरून लेझर परावर्तित होतो, काळपट ऊ मात्र जळते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही खोटं वाटलं.

पण हे इथे का चालतं? पिंजऱ्यातला मासा कंपनीच्या मालकीचा. ऊ मेली की फायदा तिचाच, म्हणून कॅमेऱ्याचा खर्च परवडतो. आपला समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. काकांनी दिलेल्या माहितीवर उद्या शेजारच्या पर्ससीनवाल्याला (अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं लावणाऱ्याला) बांगडा सापडला, तर काकांनी काय कमावलं? तेव्हा मला वाटतं प्रश्न कॅमेऱ्याच्या अचूकतेचा नाही. चौदाचे नऊ मोजणारं ॲप सहा महिन्यांत तेरा मोजेल. पान अकरा मात्र आपोआप सुधारणार नाही.

सुकट · ६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

हेच मी पहिल्या दिवशी एका ओळीत म्हटलं होतं. पण बर्गनहून आलं की वजन येतं.

डोलकर · ६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मी पालघरकडचा. आमच्याकडे डोल (समुद्रात एका जागी रोवून लावायचं पिशवीसारखं जाळं) आणि पापलेटची जाळी. इथे सगळे 'ट्रॅकर देऊ नका' म्हणताय, मला दुसरी बाजू मांडायची आहे.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींचा प्रकल्प. त्याच दिवशी, त्याच मंचावरून, होड्यांना ट्रान्सपॉन्डर (होडी कुठे आहे ते उपग्रहाला कळवणारा डबा) बसवायची देशव्यापी योजना सुरू झाली, १ लाख होड्या, फुकट. आमच्या सोसायटीत त्या दिवशी काय चर्चा झाली असेल तुम्हीच समजा. एका हाताने समुद्र घ्यायचा, दुसऱ्या हाताने डबा द्यायचा.

पण नंतर मी शांतपणे विचार केला. बंदर असो, भराव असो, आमची जागा जाते तेव्हा सुनावणीत आम्ही काय सांगतो? 'आमचे वाडवडील इथेच मासे मारत आले.' समोरचा विचारतो, कागद कुठाय? ते नकाशा पसरतात, त्यात आमचा समुद्र कोरा. डोल कुठे लागते, पापलेट कुठल्या महिन्यात कुठे येतं, हे तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डोक्यात आहे, कागदावर नाही. पाच वर्षांचे मार्ग नोंदलेले असते तर कोरा म्हणायची कोणाची टाप होती?

म्हणून माहिती नोंदवायचीच नाही, हे मला पटत नाही. ती सोसायटीच्या कपाटात पाहिजे, एवढंच.

अ_निल · ६ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

डोलकर, तुमच्या प्रतिसादाने माझं मत बदललं, प्रामाणिकपणे सांगतो.

त्यात भर घालतो. ग्लोबल फिशिंग वॉच म्हणून एक संस्था आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास नेचर मासिकात आला. २०१७ ते २०२१ मधली उपग्रहांची रडार-चित्रं यंत्राकडून वाचून घेतली, तेव्हा दिसलं की जगातल्या मोठ्या मासेमारी बोटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुठल्याच सार्वजनिक नोंदीत दिसत नाहीत. चोरटी मासेमारी पकडायला हे भारी हत्यार. पण या रडार-चित्रांत साधारण १५ मीटरपेक्षा मोठ्याच बोटी नीट उमटतात. काकांची फायबरची होडी आणि तुमची डोल लावणारी छोटी होडी त्यात नाही. म्हणजे जगातला सगळ्यात नवा, सगळ्यात हुशार नकाशासुद्धा तुमच्याबाबतीत कोराच आहे.

पाणकोंबडी · ६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

आणि रात्री जे दिसतं तेही सांगते. एलईडी लावून मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की क्षितिजावर शहर वसल्यासारखे दिवे दिसायचे, तक्रार केली तर 'पुरावा द्या'. आता रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रह आहेत, त्यांच्या चित्रांतून काळ्या समुद्रावरचे दिवे यंत्र आपोआप वेगळे काढतं. तो दिवा कोणाचा हे मात्र त्यातून कळत नाही, नुसता ठिपका. नंबर वाचायला जवळ जावं लागतं. राज्य सरकारने जानेवारी २०२५ पासून ड्रोन सुरू केलेत ते त्यासाठी. ठिपका दिसला तिथे ड्रोन पाठवला तर दोन्हींचा उपयोग. अख्ख्या समुद्रावर ड्रोन फिरवणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

माझ्या मते पैसा घालायचा तर इथे घाला. बांगडा शोधायला लोक हजार वर्षं शिकलेत.

दुसरी गोष्ट लांबीची. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, त्याखालचा मासा पकडायचा-विकायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर. हा नियम पाळला जातोय का ते बघायला बंदरावर फूटपट्टी घेऊन कोण बसणार? इथे मात्र तो कॅमेरा खरंच कामाचा आहे. होडीवर नको, लिलावाच्या जागी, सरकत्या पट्ट्यावर, चांगल्या उजेडात. होडीवरचा कॅमेरा एकट्या गरिबाला पकडतो, बंदरावरचा सगळ्यांना.

पर्वरीकर · ६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

१३५ मिलिमीटर म्हणजे माझ्या हाताच्या पंजाहून लहान. त्याहून लहान पापलेट मी फ्राय करून खाल्लंय. लाज वाटली आता.

आजीचं_पातेलं · ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

लाज वाटू देऊ नका, विकत देणारे आम्हीच. पण पाणकोंबडी, यंत्राला पापलेट म्हणजे काय ते कोण शिकवणार? आमच्याकडे पापलेटलाच सरंगा म्हणतात.

खाडीपलीकडचा · ६ ऑक्टोबर, दुपारी १:४१

छे! सरंगा म्हणजे हलवा. काळं पापलेट. मालवणात कोणालाही विचारा.

आजीचं_पातेलं · ६ ऑक्टोबर, दुपारी १:४४

मालवणात विचारायची गरज काय, रायगडात विचारा ना.

डोलकर · ६ ऑक्टोबर, दुपारी २:००

सरंगा म्हणजे पापलेटच. विषय संपला.

पर्वरीकर · ६ ऑक्टोबर, दुपारी २:०३

गोव्यात हलवा. १-१... नाही, २-२.

पाणकोंबडी · ६ ऑक्टोबर, दुपारी २:३५

भांडू नका, हे थट्टेत जाण्यासारखं नाही. त्या यंत्राला शिकवायला कोणीतरी हजारो फोटोंवर नावं लिहिलेली असतात. लिहिणारा बहुधा दूरच्या शहरातला, ज्याने सरंगा हा शब्दच ऐकलेला नसतो. दोन तालुक्यांत एकच नाव दोन माशांना, आणि त्यांची किमान लांबी वेगवेगळी. उद्या यंत्राने चुकीचं नाव घालून दंड ठोकला तर भांडायला कुठे जाणार? नावं किनाऱ्यावरच्या बायकांनी लिहावीत, आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत.

बर्गनवासी · ६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

+१. शेवटच्या वाक्याला +१००.

अंदाजांबद्दल एक सावधगिरी. यंत्र शिकतं ते मागच्या वर्षांवरून. केरळात २०१२ मध्ये तारली ४ लाख टनांच्या जवळपास होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. २०१२ पर्यंतच्या आकड्यांवर शिकवलेलं यंत्र २०२१ मध्ये ठामपणे सांगत बसलं असतं, की येईल, तारली येईल. अरबी समुद्र तापतोय, मासे वाटा बदलतायत. म्हातारा तांडेल निदान म्हणतो, "औंदा पाणी वेगळा आसा."

सुकट · ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

पहिल्यांदाच कोणी मालवणी नीट लिहिलं इथे, तेही नॉर्वेतून. मी माझा 'झोपा' मागे घेतो. निसर्ग वादळात (जून २०२०) आमच्या दिवेआगरच्या बागा गेल्या. वादळ येतंय हे दोन दिवस आधी कळलं होतं, म्हणून माणसं वाचली. अंदाज बांधणाऱ्या यंत्रावर माझा राग नाही. पान अकरावर आहे.

खाडीपलीकडचा · १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बैठक झाली, वृत्तांत देतो.

करार मराठीत करून सगळ्यांना वाचून दाखवला. पान अकरा वाचल्यावर सभागृहात पंखा ऐकू येत होता. मग डोलकरांचा मुद्दा मांडला, तोवर 'हाकलून द्या' म्हणणारेही थांबले. आमच्याही खाडीच्या तोंडाशी जेट्टी होणार अशी कुणकुण आहे.

ठरलं ते असं. ट्रॅकर चालेल, पण नोंदी सोसायटीच्या संगणकात, आणि बाहेर द्यायच्या तर सभेच्या ठरावाने. दिल्या तरी ठिकाण मोघम करून, महिनाभर उशिराने. होडीवर कॅमेरा नाही. लिलावाच्या ओट्यावर एक चालेल, त्याला नावं शिकवायचं काम महिला बचत गटाकडे, फोटोमागे पैसे. आणि चार बंदरांचे रोजचे दर होडीवर मराठीत, बोलून ऐकवणारे, कारण ओल्या हातांनी मोबाइल चालत नाही. ही शेवटची अट काकूंची. उचलीचा प्रश्न मात्र कोणी काढलाच नाही. दोन व्यापारी पहिल्या रांगेत बसले होते.

कंपनीला पत्र जाऊन आठवडा झाला. उत्तर नाही. काका म्हणतात, येणार पण नाही. ते आज पहाटे नेहमीप्रमाणे गेले, दीड टप बांगडा घेऊन आले, आणि वेंगुर्ल्याला दर बरा आहे हे त्यांना मेव्हण्याच्या फोनवरून कळलं.

आजीचं_पातेलं · १९ ऑक्टोबर, रात्री ९:५२

काकूंना माझा नमस्कार सांगा. बचत गटाने फोटोवर सरंगा कशाला लिहायचं ठरवलं?

खाडीपलीकडचा · १९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

हलव्याला. एकमताने.

डोलकर · १९ ऑक्टोबर, रात्री ९:५८

मग ते ॲप पालघरला आणू नका.